निळ्या कॅटचे एकशे चार कोपरे

१

“काका, फायनल बंद करा. पानं वाकवल्यात.”

असं म्हणून रणजीतनं पत्त्यांचा निळा कॅट माझ्या नव्या टेबलावर आपटला. गुरुवार, सकाळचे सव्वानऊ. अकरा वाजता आमच्या एकास-एक पोकर स्पर्धेची फायनल, आणि सेमीफायनलला हरलेला माझा हा पुतण्या मला ती बंद करायला सांगत होता. खोटं कशाला बोलू, माझी पहिली नजर टेबलाला चरा पडला का यावरच गेली.

मी रोहिदास. मूळचा मोशीचा. आजोबा जिथं कांदा लावायचे तिथं आता बारा मजली सोसायटी उभी आहे, तिच्यासमोर माझं नट-बोल्टचं दुकान आणि दुकानावर एक हॉल. याच हॉलमध्ये मी सलग आठ गुरुवार सामने भरवले होते आणि आजचा नववा. गुरुवारच का, हे आमच्या पट्ट्यात कुणी विचारत नाही, कारखान्यांची सुट्टी त्याच दिवशी असते. खेळाडू सोळा, पण टेबलावर एका वेळी दोघंच. हातात दोन-दोन पानं पालथी, मध्ये पाच पानं उताणी. ज्याची जुळणी मोठी तो जिंकला, नाहीतर ज्यानं नुसतं तोंड कोरं ठेवून समोरच्याला पानं टाकायला लावली तो जिंकला. पैसा एक रुपयाचा नाही. चिप्स म्हणून माझ्याच दुकानातले वॉशर, लहान, मध्यम आणि मोठे. हरणाऱ्यानं सगळ्यांना चहा पाजायचा, संपला विषय.

सुरुवातीला गावानं नाकं मुरडली. “रोहिदासनं पत्त्यांचा अड्डा काढला” असं माझ्या सख्ख्या मावशीनं भर लग्नात ऐकवलं. पाचव्या गुरुवारी तीच मावशी जिन्यात स्टूल टाकून बसली होती. आज तर तळेगावहून आणि देहूहून माणसं यायची होती, त्यांना आपापल्या गावात अशीच स्पर्धा काढायची होती. ती आमच्याकडून शिकायला येणार होती. आमच्याकडून! माझी छाती त्या आठवड्यात शर्टात मावत नव्हती.

आणि म्हणूनच मी टेबल करून घेतलं होतं. आठ गुरुवार आम्ही जुन्या टेबलावर घोंगडी अंथरून खेळलो. फायनलला घोंगडी कशी चालेल? भोसरीहून स्टीलचा पत्रा आणला, बफिंग करून घेतलं. वाकून बघितलं तर दाढी नीट झाली की नाही ते कळावं, असं टेबल. रविवारी ज्योतीरामला बोलावून त्यावर पहिला डाव मांडला. ज्योतीराम आमचा पानं वाटणारा, चाकणला पत्रा दाबायच्या प्रेसशॉपमध्ये कामाला, मूळचा भूम गावाकडचा. उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं अर्ध्यावरच संपलेली, पण आमच्याकडे अशा हाताकडे कुणी वळूनही बघत नाही. पानं पिसावीत तर त्यानंच. रविवारी तर त्यानं नवीनच तऱ्हा केली. पालथी पानं सरकवत सरकवत टेबलाच्या काठापर्यंत न्यायची आणि खाली धरलेल्या तळहातावर अलगद पाडायची. “काय स्टाईल आहे राव!” मी म्हणालो. तो हसला आणि म्हणाला, “टेबल लय भारी झालंय, दादा.”

आज सकाळी आठला मी वर आलो, कपाट उघडलं, कॅटची पत्र्याची डबी काढली. डबीला रबर लावून एक पिवळा चिठोरा अडकवलेला होता, त्यावर काही लिहिलेलंही नव्हतं. आजच्या दिवशी सगळं चकाचक हवं म्हणून तो काढून खाली दुकानातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. कॅट टेबलावर ठेवला आणि खुर्च्या मांडायला लागलो. तेवढ्यात रणजीत आला, सहज म्हणून पानं हातात घेतली आणि हा बॉम्ब टाकला.

मी एक पान उचललं. चौकटचं सत्तं. त्याचा एक कोपरा पाठीच्या बाजूनं वर वळलेला होता. दुसरं पान, तिसरं पान, तेच. रविवारी हीच पानं सपाट होती, हे मी शपथेवर सांगतो. तसं मी म्हणालोही, पण रणजीत ऐकायला तयार नव्हता.

“सेमीफायनलला ती तनुजा कशी जितली ते आता कळलं,” रणजीत म्हणाला. “तिला बाद करा आन् मला खेळवा. न्हाईतर साडेदहाला समद्या लोकांसमोर मी सांगणार, हितं पानं वाकवत्यात.”

तो हे बोलला तेव्हा तनुजा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

२

तनुजा सोळा जणांत एकटी बाई. वय सव्वीस, उदगीरकडची, ज्योतीराम काम करतो त्याच कंपनीत साचे बनवायच्या टूलरूमला. पहिल्या गुरुवारी तिचं नाव यादीत बघून चौघं हसले होते. त्यातल्या तिघांना तिनं चहा पाजायला लावला, तिसरा रणजीत. आज तिची आई पहिल्यांदा लेकीचा खेळ बघायला गावाकडून आली होती आणि खाली माझ्या बायकोशी बोलत बसली होती. पानं वाकवून जिंकली, असं एकदा कुणाबद्दल बोललं गेलं की ते पुसता येत नाही. पुढं फायनल होवो न होवो, तिच्या नावाला ते कायमचं चिकटलं असतं.

मी फोन लावला तो आमच्या पंचांना. दुर्गाबाई, आम्ही दुर्गाताई म्हणतो. एकोणतीस वर्षं एका कंपनीत बाहेरून आलेला माल तपासायच्या खात्यात काढली. सप्लायर लोक त्यांना बघून पाणी प्यायचे म्हणतात. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण पर्समध्ये अजून भिंग असतं आणि हिरव्या स्टिकरची एक गुंडाळी असते. तपासून पास झालेल्या मालाला लावायचे ते स्टिकर. का बाळगता, असं विचारलं तर म्हणतात, “लावण्यासारखं काही दिसलं तर असावं जवळ.” दोन वर्षांत त्यांना तसं काही दिसल्याचं मी बघितलं नाही.

साडेनऊला त्या आल्या. बसल्या नाहीत. खिडकीपाशी जाऊन एकेक पान भिंगाखाली धरलं आणि मला म्हणाल्या, “रोहिदासराव, दुकानातून ड्रिल आणा. एक दोन मिलिमीटरचं आणि एक अडीचचं.”

मी भोकं पाडायच्या त्या दोन बारीक सळ्या आणल्या. त्यांनी पान टेबलावर पालथं ठेवलं आणि वर आलेल्या कोपऱ्याखाली दोनचं ड्रिल सरकवलं. गेलं. अडीचचं सरकवलं, अडलं. मग पुढचं पान. तेच. अशी बावन्न पानं त्यांनी तपासली.

“प्रत्येक पान सारखंच वाकलंय,” त्या म्हणाल्या. “एक्का तसाच, दुर्री तशीच. मग पाठीवरून ओळखायचं काय?”

रणजीत तयारीत होता. “ताई, आमी काय येडे न्हाई. समद्या पानांचा एकच कोपरा वाकवायचा. मग खेळता खेळता मोठी पानं हळूच उलटी फिरवून ठेवायची. ज्याचा कोपरा आपल्याकडं ते मोठं, पलीकडं ते बारकं. झालं की काम!”

पोरगा बरोबर बोलत होता. दुर्गाताईंनी मात्र मान डोलावली, जणू विद्यार्थ्यानं बरं उत्तर दिलं.

“एकच कोपरा असता तर,” त्या म्हणाल्या आणि पानाच्या समोरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “हा बघितलास का? तिरप्या रेषेत समोरचा. हाही वाकलाय, तेवढाच. पान फिरव.”

रणजीतनं फिरवलं. पान पहिल्यासारखंच दिसलं. त्यानं पुन्हा फिरवलं. मग पान खाली ठेवलं.

“बावन्न पानांचे एकशे चार कोपरे. या पानांनी लबाडी करताच येत नाही. ज्यानं वाकवली त्यानं हा विचार आधी केलाय.” दुर्गाताईंनी भिंग पुसलं. “शिवाय लबाड माणूस नखानं वाकवतो, घाईत, तिथं पांढरी चीर पडते. इथं एकही चीर नाही. पान गरम करून, साच्यात दाबून, गार होईपर्यंत धरून ठेवलंय. हे काम आहे, रणजीत. चांगलं काम आहे.”

“मंग केलं कुणी?” तो म्हणाला. “आन् केलं तर सांगितलं का न्हाई?”

दुर्गाताईंनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. साडेदहाला पस्तीस मिनिटं उरली होती.

३

दुर्गाताईंनी हॉलच्या कोपऱ्यात तीन खुर्च्या ओढल्या आणि आधी मलाच बसवलं.

“रविवारनंतर वर कोण कोण आलं?”

“तिघं,” मी म्हणालो. किल्ली माझ्या गल्ल्यामागच्या खिळ्याला असते आणि मी सकाळी आठ ते रात्री आठ तिथंच बसतो, त्यामुळे मला पक्कं ठाऊक होतं. सोमवारी रणजीत, टेबल बघायला. मंगळवारी तनुजा, सरावाला. बुधवारी सकाळी सुजित, सामन्याचं घड्याळ बसवायला. सुजित म्हणजे दुसरा फायनलिस्ट, समोरच्याच सोसायटीत राहतो आणि हिंजवडीच्या कंपनीचं काम घरून करतो.

“आणि तुम्ही.”

“मी?” मला रागच आला. “ताई, मी स्वतःच्या स्पर्धेत…”

“किल्ली तुमच्याकडे असते, म्हणून विचारलं. पुढचा.”

रणजीतनं सांगितलं, सोमवारी तो पाच मिनिटं आला, टेबलाचा फोटो काढला, कपाटाला हात लावला नाही. फोटो दाखवला. त्यात तो स्वतःच जास्त दिसत होता.

सुजित नुकताच आला होता. प्रकार ऐकून त्याचा चेहरा पडला. “मी घड्याळ लावलं आणि गेलो, दहाला मीटिंग होती,” तो म्हणाला. “मॅडम, एक सांगू? तनुजा असं करणार नाही. मी तिच्याशी दोनदा सराव केलाय. ती हरली तर पानांवर चिडत नाही, स्वतःवर चिडते.” ज्याला तिच्याशीच खेळायचं होतं तो हे बोलला, म्हणून मी ते इथं मुद्दाम नोंदवतोय.

मग तनुजा. ओढणी खांद्यावर घट्ट बांधून बसली, शिफ्टला उभी राहते तशी.

“मंगळवारी किती वेळ होतीस?”

“तासभर. पानं मांडली, मोडली. एवढ्या चकचकीत टेबलाची सवय नव्हती ना मला.”

“कुठल्या कॅटनं?”

“लाल.”

दुर्गाताईंनी मान वर केली. कपाटात दोन कॅट असायचे, निळा आणि लाल. “फायनल निळ्यानं आहे हे महिन्यापासून ठरलंय. सराव लाल पानांनी का केलास?”

तनुजानं ओढणीची गाठ पुन्हा आवळली.

“तुझ्यावर आळ आलाय, पोरी. पंधरा मिनिटांनी तो सगळ्यांसमोर येईल. तुझी आई खाली बसलीय.”

“मला ठावं आहे.” तिची मान वर होती. “मी पानं वाकवली नाहीत. कुणी वाकवली ते मला माहीत आहे. पण ते मी सांगणार नाही, तुम्ही कितीबी विचारू लागलाव तरी. ज्याचं काम त्यानंच सांगायचं असतंय.”

“बघा!” रणजीत पलीकडून ओरडला. “हिला म्हाईत हाय! सामील हाय ही!”

४

दुर्गाताई उठल्या आणि मला जिन्यात घेऊन गेल्या. खालून माणसांचे आवाज यायला लागले होते. देहूची मंडळी आली होती, माझी मावशी स्टुलावर बसून त्यांना खेळाचे नियम समजावत होती, सगळे चुकीचे.

“मंगळवारी निळा कॅट कपाटात नव्हता,” दुर्गाताई हळू आवाजात म्हणाल्या. “नाहीतर ती लाल पानं कशाला घेईल? आणि ते अगदी बरोबर आहे. गरम करायचं, साच्यात दाबायचं, हे तुमच्या हॉलमध्ये होत नाही. कुणीतरी कॅट घेऊन गेलं आणि काम करून परत आणून ठेवलं. मंगळवारच्या आधी नेला, आज सकाळच्या आधी आणला. म्हणजे तो माणूस दोनदा येऊन गेला.”

मी बोटांवर मोजलं. रणजीत सोमवारी एकदा. आज आला, पण तो यायच्या आधीच मी कॅट टेबलावर काढून ठेवला होता. तनुजा एकदा. सुजित एकदा, तोही मंगळवारनंतर. “मग उरतो मीच की हो, ताई!”

“तुम्हाला परवा भिंतीवर कॅलेंडर सरळ लावता आलं नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही एकशे चार कोपरे सारखे वाकवणार? आता नीट आठवा. टेबल आज एवढं लखलखतंय. पुसलं कुणी?”

“ज्योतीरामनं. काल पहिली शिफ्ट सुटल्यावर आला होता, चार वाजता. बुधवारी पुसून ठेवतो म्हणाला होता.” आणि बोलता बोलता मी थांबलो.

“तिघं आले म्हणालात.”

“तो काय… तो आपलाच माणूस. त्याला कुणी मोजतं का?”

“हेच,” त्या म्हणाल्या. “रविवारी डाव झाल्यावर कपाट कुणी लावलं?”

तेही ज्योतीरामनंच लावलं होतं. रविवार आणि बुधवार. दोन फेऱ्या. मला ते पटेना. आठ गुरुवारांत त्याच्या हातून एक पान चुकून उघडं पडलं नव्हतं. “पण कशाला, ताई? त्याला कोण जिंकलं काय आणि हरलं काय?”

“रविवारी त्यानं डाव कसा खेळवला ते सांगा. सगळं.”

मी सांगितलं. पिसलेली पानं, वाटलेली पानं, ती काठापर्यंत सरकवत नेऊन तळहातावर पाडायची स्टाईल. दुर्गाताईंनी डोळे मिटून ऐकलं. मग शांतपणे विचारलं, “घोंगडीवर तो पानं कशी उचलायचा?”

मी सांगायला तोंड उघडलं आणि माझं मलाच उमगलं. घोंगडीवर पानाची एक कड दाबली की दुसरी वर येते, अर्ध्या बोटानंही उचलता येतं. स्टीलवर पान चिकटून बसतं. पाच धड बोटांच्या माणसालाही नख घालावं लागतं, आणि ज्याला उजव्या हाताची दोन नखंच नाहीत त्यानं काय करायचं? तो पान काठाशी नेत होता, कारण दुसरा इलाज नव्हता. आणि मी समोर उभा राहून स्टाईल म्हणून वाहवा करत होतो.

“मला सांगायचं ना त्यानं,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच बरा वाटला नाही.

“अजून एक गोष्ट राहते. लपवायचं होतं की नव्हतं?” दुर्गाताई म्हणाल्या. “सकाळी डबीत पानांखेरीज काही होतं का?”

“काही नव्हतं. एक चिठोरा होता बाहेर अडकवलेला, कोरा. टाकला मी.”

“रंग?”

“पिवळा.”

एकोणतीस वर्षं सप्लायरांना घाम फोडलेल्या त्या बाईनं कपाळावर हात मारून घेतला. आम्ही खाली धावलो. कचऱ्याच्या डब्यात हात घालून मी चहाचे कप, बिडीची थोटकं, खोक्याच्या पट्ट्या बाहेर काढल्या आणि तळाशी तो चिठोरा मिळाला. दुर्गाताईंनी तो गुडघ्यावर ठेवून सरळ केला.

“कारखान्यात लाल चिठ्ठी म्हणजे माल नापास. हिरवी म्हणजे पास. पिवळी म्हणजे थांबा, तपासणी व्हायचीय, तोवर कुणी वापरायचा नाही. प्रेसशॉपमधला नवा पोरगासुद्धा पिवळी चिठ्ठी हातानं काढत नाही. लबाडीला पिवळी चिठ्ठी कोण लावेल, रोहिदासराव? त्यानं काम करून माझ्यासाठी ठेवलं होतं, मी पास केलं तरच वापरायचं म्हणून. ते तुम्ही कचऱ्यात टाकलंत.”

मी दुकानदार माणूस. आयुष्यभर कारखान्यांना नट-बोल्ट विकले, पण आत त्यांचं काम कसं चालतं ते कधी बघितलं नाही. टेबल माझं, चूकही माझीच.

“जाऊन सांगू का सगळ्यांना?” मी म्हणालो.

“नाही. त्या पोरीला जे कळलं ते तुम्हालाही कळू द्या. ज्याचं काम त्यानं सांगायचं.”

वर घड्याळात साडेदहा झाले होते, आणि रणजीतचा आवाज खालपर्यंत आला, “मंडळी, जरा हिकडं ध्यान द्या!”

५

आम्ही वर पोचलो तेव्हा हॉल भरला होता. साठेक माणसं असतील. रणजीत टेबलाशी उभा होता, हातात निळा कॅट. भिंतीपाशी तनुजा, शेजारी तिची आई, आणि आईला अजून काही कळलेलं नव्हतं.

“आज जो कॅट खेळायला काढलाय…” रणजीतनं सुरुवात केली.

“तो खाली ठेव, भावा,” दारातून आवाज आला. “चिठ्ठी कुठाय त्याची?”

ज्योतीराम. चाकणची बस धरून आला होता, इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. उजवा हात नेहमीप्रमाणे खिशात. त्यानं रणजीतकडे बघितलं, तनुजाकडे बघितलं, आणि हॉलमधलं काहीतरी त्याच्या ध्यानात आलं. तो थेट दुर्गाताईंकडे गेला.

“ताई, मोजलं का?”

“मोजलं.”

“समदी?”

“एकशे चार.”

“रिजेक्ट किती?”

“एकही नाही,” दुर्गाताई म्हणाल्या.

ज्योतीरामनं श्वास सोडला. मग खिशातून उजवा हात काढला आणि साठ माणसांसमोर माझ्या त्या लखलखत्या टेबलावर ठेवला. पत्र्यात त्या हाताचं प्रतिबिंब पडलं, दोन बोटं अर्धी आणि तीन पुरी.

“मंडळी, पानं म्या वाकवल्यात,” तो म्हणाला. “ह्या टेबलावरनं मला पान उचलत न्हाई. घोंगडीवर उचलायचं. म्हटलं, फायनलला माझ्यापायी डाव अडला तर कसं? जेवनाच्या सुट्टीत डायचा साचा केला, हातप्रेसवर एकेक कोपरा दाबला. तनुजानं बघितलं तवा तिला बोललो, ताईंनी पास करेस्तोवर कुठं बोलू नगो. नापास झालं असतं तर गपचूप दुसऱ्याला बसवा म्हनलो असतो. बास.”

“अरे, मला सांगायचं!” मी म्हणालो. “टेबलावर घोंगडी टाकली असती!”

“दादा, रविवारी टेबल दावताना तुमचं तोंड बघितलं होतं म्या,” तो म्हणाला. “तुमच्या टेबलाला नाव ठेवायचं जिवावर आलं. आन् खरं सांगू? मला बी ह्याच टेबलावर खेळवायचं हुतं.”

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. कपाटाकडे जाऊन जुनी घोंगडी काढली, उलगडली आणि टेबलावर टाकायला निघालो. ज्योतीरामनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

“झाकू नका. भारी टेबल हाय.”

 माझा पुतण्या रणजीत, माझ्यासारखाच तोंडाळ आणि माझ्यासारखाच आखडू, टेबलापाशी खिळून उभा होता. शेवटी त्यानं कॅट दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला, हळू, आणि तनुजाकडे वळला.

“चुकलो,” तो म्हणाला. “तू मला सरळ जितलीस. मी पानांवर ढकलायला बघत हुतो.” मग ज्योतीरामला म्हणाला, “भावा, त्यो लाल कॅटबी वाकवून दे. पुढल्या साली मला हिला हरवायचंय, तर सराव ह्याच पानांवर पायजे.”

तनुजा त्या सकाळी पहिल्यांदा हसली. “दोन कॅट वाकवा, काका,” ती ज्योतीरामला म्हणाली. “ह्यांना लई सराव लागणार आहे.”

नियमाप्रमाणे दुर्गाताईंनी दोन्ही फायनलिस्टना विचारलं, या पानांनी खेळायला हरकत आहे का. सुजित म्हणाला, “नाही.” तनुजा म्हणाली, “नाही.” मग त्यांनी पर्स उघडली, हिरव्या स्टिकरची गुंडाळी काढली, एक सोलला, पेनानं त्यावर तारीख आणि सही केली आणि निळ्या कॅटच्या डबीवर चिकटवला. अंगठ्यानं दाबून नीट बसवला. ज्योतीराम त्या स्टिकरकडे बघत राहिला. बावीस वर्षं प्रेसशॉपमध्ये काढलेल्या माणसाला त्याची किंमत आम्ही सांगायची गरज नव्हती.

तळेगावच्या मंडळींनी वही काढली आणि लिहून घेतलं: पानांचे दोन कोपरे, तिरपे, दोन मिलिमीटर. त्यांच्या स्पर्धेतही आता तोच नियम आहे. पानं ज्योतीरामकडूनच जातात, आणि प्रत्येक डबी आधी दुर्गाताईंच्या घरी जाते.

फायनल दोन तास चालली आणि तनुजा जिंकली, तिच्या आईला शेवटपर्यंत खेळ कळला नाही तरी ती सगळ्यांआधी उठून उभी राहिली. पण मला आठवतो तो पहिला डाव. सुजितनं पानं टाकून दिली, डाव मोडला, पत्र्यावर पानं पसरली. ज्योतीरामनं उजवा हात पुढे केला. अर्ध्या बोटाचं टोक कोपऱ्याखाली घातलं आणि पान उचललं. मग दुसरं, मग तिसरं, एकही काठापर्यंत न नेता. मागे कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळ्या हॉलनं वाजवली, जिन्यातल्या मावशीनंसुद्धा. नुसती पानं गोळा केली म्हणून टाळ्या पडलेली स्पर्धा दुसरीकडे कुठं झाली असेल तर मला दाखवा. आमच्या मोशीत झाली, माझ्या टेबलावर.